पंपावरचा आकडा म्हणजे डोस नव्हे : आयसीयूत नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

आमच्या आयसीयूत नव्याने आलेली मुलगी पहिल्या आठवड्यात हमखास एक प्रश्न विचारते : "सिस्टर, नॉरअॅड किती एमएलवर ठेवायचं?" नॉरअॅड म्हणजे नॉरअॅड्रेनलीन, कोसळलेलं बीपी वर आणणारं औषध. मी उलट विचारते, "सिरिंजमध्ये किती भरलंयस?" तिथे गाडी अडते.

सिरिंज पंप म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरावीक वेगाने शिरेत ढकलणारं यंत्र. त्यावर दिसतो तो नुसता वेग. लोकल किती वेगाने गेली यावरून तिच्यात माणसं किती होती ते कळत नाही. दुपारी बाराची विरार आणि संध्याकाळी साडेसहाची विरार एकाच वेगाने धावतात. सिरिंज पंपाचंही तसंच. ४.५ एमएल पर अवर म्हणजे किती औषध, हे सिरिंजमध्ये काय आणि किती घट्ट भरलंय त्यावर ठरतं.

केईएम, सायन, नायर, कूपर किंवा एखादं खासगी हॉस्पिटल, कुठेही जॉइन झाला असाल तरी हिशोब हाच. फक्त एवढं धरून चाला की औषध कोणतं, किती डोस, कधी वाढवायचा हे डॉक्टरांची लेखी ऑर्डर आणि तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल ठरवतो. इथले डोस हिशोब दाखवण्यापुरते आहेत. आणि प्रत्येक हिशोब दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे करून पाहायचा. तुमचा कागद बघून "हो, बरोबर" म्हणायचं नाही, तिने तिच्या कागदावर करायचा.

दोनच प्रश्न

सूत्र पाठ करू नका. पाठ केलेलं सूत्र रात्री तीन वाजता उलटं आठवतं : साठने गुणायचं की भागायचं? त्यापेक्षा शाळेतलं त्रैराशिक बरं. प्रश्न दोनच.

पहिला : या पेशंटला तासाला किती औषध जायला हवं?
दुसरा : माझ्या सिरिंजमध्ये एका एमएलला किती औषध आहे?

पहिल्याच्या उत्तराला दुसऱ्याच्या उत्तराने भागलं की एमएल पर अवर मिळतात.

ऑर्डर समजा अशी आहे : नॉरअॅड्रेनलीन ०.१ मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट. पेशंटचं वजन ६० किलो.

मिनिटाला : ०.१ × ६० किलो = ६ मायक्रोग्रॅम
तासाला : ६ × ६० मिनिटं = ३६० मायक्रोग्रॅम

६० इथे दोनदा आला, एकदा किलो म्हणून आणि एकदा मिनिटं म्हणून. उदाहरण मुद्दाम असं घेतलं, कारण साठ किलोच्या पेशंटला नवीन मुली एकदाच गुणून मोकळ्या होतात आणि उत्तर साठपटीने कमी येतं. आकड्याच्या शेजारी "किलो" नाहीतर "मिनिटं" लिहायची सवय लावली की हे होत नाही.

आता सिरिंज. ४ मिलिग्रॅम औषध, एकूण ५० एमएल.

४ मिलिग्रॅम = ४००० मायक्रोग्रॅम
४००० ÷ ५० = एका एमएलला ८० मायक्रोग्रॅम

३६० ÷ ८० = ४.५ एमएल पर अवर. झालं.

हाच पेशंट ५२ किलोचा असता तर मिनिटाला ५.२, तासाला ३१२, आणि ८० ने भागून ३.९. हिशोब इतकाच आहे. अडचण असते ती हिशोबाच्या आधी आणि नंतर.

अँप्यूल हातात घ्या आणि वाचा

अँप्यूल म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी. मुंबईत कितीतरी ठिकाणी औषध नातेवाईक समोरच्या मेडिकलमधून आणतात. काल एका कंपनीचं आलं, आज दुसऱ्या. खोका बदलला की स्ट्रेंथ बदललेली असू शकते, म्हणून "नॉरअॅडचं अँप्यूल म्हणजे अमुक इतके मिलिग्रॅम" असं तोंडपाठ ठेवू नका. अँप्यूल उजेडात धरून तीन गोष्टी वाचा : औषधाचं नाव, एकूण किती मिलिग्रॅम, आणि ते किती एमएलमध्ये.

नॉरअॅडच्या लेबलवर आणखी एक गाठ असते. औषध बायटार्ट्रेट या क्षाराच्या रूपात असतं, आणि २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे जवळपास १ मिलिग्रॅम नॉरअॅड्रेनलीन बेस, म्हणजे क्षाराचं वजन वगळून उरलेलं मूळ औषध. लेबलवरचा आकडा क्षाराचा आहे की बेसचा, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. "बायटार्ट्रेट, इक्विव्हॅलंट टू नॉरअॅड्रेनलीन २ मिलिग्रॅम" असं असेल तर तो आकडा बेसचा. नुसतं "नॉरअॅड्रेनलीन बायटार्ट्रेट ४ मिलिग्रॅम" असेल तर बेस अर्धाच. तुमच्या युनिटमध्ये हिशोब कशावर करतात ते पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरना विचारून घ्या. इथे चुकलात तर डोस थेट दुप्पट किंवा निम्मा होतो, आणि पंप बिचारा काहीच बोलत नाही.

भरताना : २ मिलिग्रॅम बेस २ एमएलमध्ये असेल तर ४ मिलिग्रॅमसाठी दोन अँप्यूल, म्हणजे ४ एमएल. त्यावर ४६ एमएल ५ टक्के डेक्स्ट्रोज, एकूण ५०. बऱ्याच जणी आधी ५० एमएल डेक्स्ट्रोज ओढतात आणि वर ४ एमएल औषध घालतात. मग होतात ५४, आणि एका एमएलला ८० ऐवजी ७४ मायक्रोग्रॅम. फरक फार मोठा नाही, पण लेबलवर लिहिलेलं खोटं ठरतं. नॉरअॅडच्या लाइनमधून सोडाबायकार्ब कधीही देऊ नका, अल्कलीत औषध निकामी होतं. द्रावण गुलाबीसर किंवा तपकिरी दिसलं तर फेकून नवीन भरा.

वजन कोणाचं, कुठून आणलेलं

"बाबांचं वजन किती?" असं विचारलं की मुलगा आईकडे बघतो, आई म्हणते, "साठ-पासष्ट असेल." असेल म्हणजे काय? बेडला वजनकाटा असेल तर त्याचं घ्या, नाहीतर जुन्या फाइलमधलं, तेही नसेल तर डॉक्टरांनी ठरवलेला अंदाज. मात्र एकदा ठरलं की चार्टवर ठळक लिहा आणि तिन्ही ड्यूट्यांनी तेच वापरा. सकाळची ६० धरतेय आणि रात्रीची ६५, तर डोस वाढवला की वजनच बदललं, हे राउंडला कोणालाच सांगता येत नाही.

मिलि की मायक्रो, आणि दर किलो की नाही

१ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, हे सगळ्यांना येतं. घात होतो तो अक्षरामुळे. हाताने लिहिलेलं मायक्रोचं ग्रीक चिन्ह घाईत "एम"सारखं दिसतं आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात. चार्टवर पूर्ण शब्द लिहा. दशांशाच्या आधी शून्य हवंच : ०.५ लिहा, नुसतं .५ नको, टिंब पुसट झालं तर ५ वाचलं जाईल. आणि मागे शून्य नको : १ लिहा, १.० नको, ते १० वाचलं जातं.

बीपीच्या सगळ्या औषधांचं माप सारखं नसतं. बीपी वाढवणारी नॉरअॅड आणि डोपामिन, उतरवणारी नायट्रोप्रुसाइड आणि एस्मोलॉल, ही साधारण मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट. बीपी उतरवणारं नायट्रोग्लिसरीन, ज्याला आपण सगळे एनटीजी म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी नुसतं मायक्रोग्रॅम पर मिनिट, वजनाचा संबंध नाही. लॅबेटॅलॉल, तेही बीपी उतरवणारं, चक्क मिलिग्रॅम पर मिनिट. बीपी वाढवणारं व्हासोप्रेसिन युनिट पर मिनिट. काही युनिटमध्ये नॉरअॅडसुद्धा वजनाशिवाय मायक्रोग्रॅम पर मिनिट लिहितात. म्हणून फोनवर "नॉरअॅड पॉइंट वन" ऐकलं की विचारा : "सर, पॉइंट वन मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट ना?" ते वैतागतील. वैतागू द्या. आणि डॉक्टर आल्यावर लेखी घ्या.

एनटीजीचं बघू. २५ मिलिग्रॅम ५ एमएलमध्ये येतं. ४५ एमएल घालून ५० केलं की एका एमएलला ५०० मायक्रोग्रॅम. ऑर्डर ५ मायक्रोग्रॅम पर मिनिट : तासाला ३००, भागिले ५००, म्हणजे ०.६ एमएल पर अवर. इतका कमी वेग बघून नवीन मुली घाबरतात आणि ६ टाकतात. ०.६ च बरोबर आहे. मात्र या वेगाला एक खोड आहे. एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे सिरिंजपासून पेशंटपर्यंतच्या नळीत, जर १ एमएल साधं सलाईन भरलेलं असेल तर औषध पेशंटपर्यंत पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागतील. तोवर बीपी हलत नाही म्हणून डोस वाढवत गेलात, तर तुम्ही औषध नव्हे, सलाईन वाढवताय. मग सगळं एकदम पोचतं. म्हणून लाइन औषधानेच पूर्ण भरायची आणि पेशंटच्या शक्य तितक्या जवळ जोडायची. एनटीजी साध्या पीव्हीसी नळीला चिकटतं, त्यामुळे त्याची वेगळी नळी मागा.

लॅबेटॅलॉलचं उलटं. ५ मिलिग्रॅम पर एमएलचे चार एमएलचे पाच अँप्यूल, म्हणजे १०० मिलिग्रॅम २० एमएलमध्ये. वर ३० एमएल, एकूण ५०. एका एमएलला २ मिलिग्रॅम. ऑर्डर १ मिलिग्रॅम पर मिनिट, तासाला ६०, म्हणजे ३० एमएल पर अवर. सिरिंज एक तास चाळीस मिनिटांत संपणार! पुढची सिरिंज आत्ताच भरायला घ्या, आणि औषधाची चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती वेळेत द्या, समोरचं मेडिकल रात्री उघडं असलं तरी रांग असते. पेशंटला दमा आहे का, पल्स किती, हेही सुरू करण्याआधी बघा. लॅबेटॅलॉल बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे पल्स मंदावतो आणि श्वासनळ्या आवळू शकतो.

आता गंमत बघा. साठ किलोला नॉरअॅड ०.१, सिरिंज ४ मिलिग्रॅमची : ४.५. त्याच पेशंटला डोपामिन ५ मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट, सिरिंज २०० मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये : तासाला १८०००, एमएलला ४०००, उत्तर ४.५. व्हासोप्रेसिन ०.०३ युनिट पर मिनिट, २० युनिट ५० एमएलमध्ये : तासाला १.८ युनिट, एमएलला ०.४, पुन्हा ४.५. तीन पंप, तिन्हीवर एकच आकडा, आणि तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

माझी चूक

माझं पहिलं वर्ष, वेगळं हॉस्पिटल. नॉरअॅडची सिरिंज संपत आली होती. फ्लुइड कमी द्यायचं म्हणून राउंडला डबल स्ट्रेंथ करायला सांगितलं होतं, म्हणजे ५० एमएलमध्ये ८ मिलिग्रॅम. मी भरली, लेबल नीट लावलं, बदलली. पंपावरचा ४.५ मात्र तसाच राहिला, तो व्हायला हवा होता २.२५. काही मिनिटांत आर्ट लाइनवर (धमनीतली नळी, बीपी सतत दाखवते) सिस्टॉलिक, म्हणजे वरचं बीपी, २००च्या वर. मॉनिटर ओरडला म्हणून कळलं. आर्ट लाइन नसती आणि दंडावरचा बीपीचा कफ अर्ध्या तासाने फुगला असता तर काय, याचा विचार मी अजून करते. पेशंटला काही झालं नाही.

तेव्हापासून माझा नियम : स्ट्रेंथ बदलली की आधी पंपाचा वेग शून्यातून नव्याने टाकायचा, जुन्यात फेरफार नाही. आणि चालू पंप उलटा तपासायचा. पंपावर ७ दिसतंय, सिरिंज ८० मायक्रोग्रॅम पर एमएलची, वजन ६० : ७ × ८० = ५६० तासाला; भागिले ६० मिनिटं, ९.३, भागिले ६० किलो, ०.१५ च्या थोडं वर. ऑर्डरशी जुळतंय? मग पुढे. ड्यूटीवर आल्या आल्या हा उलटा हिशोब प्रत्येक पंपाचा करा. चहा नंतर.

सिरिंज बदलताना

नॉरअॅडचा असर एक-दोन मिनिटांत ओसरतो. म्हणूनच पाच मिनिटं पंप बंद राहिला तर बीपी कोसळतं. सिरिंज रिकामी होऊन अलार्म वाजेपर्यंत थांबू नका, ४.५ च्या वेगाने ५० एमएल साधारण अकरा तास जातं, संपायची वेळ लेबलवरच लिहून ठेवा. दुसरा पंप मोकळा असेल तर नवीन सिरिंज त्यावर चढवा, पर्ज करून (पंपाने नळीतून औषध जोरात पुढे ढकलून) नळीच्या टोकाशी थेंब येऊ द्या, आणि मगच जोडा. पेशंटला जोडलेली लाइन कधीही पर्ज करू नका, त्या लाइनमधून दुसरं इंजेक्शन ढकलू नका. नळीतलं सगळं औषध एकदम आत जातं.

पंपात सिरिंजची कंपनी निवडायचा पर्याय असतो, तो नीट निवडा. दोन कंपन्यांच्या ५० एमएल सिरिंजचा घेर थोडा वेगळा असतो आणि पंप दट्ट्या किती सरकला यावरूनच एमएल मोजतो.

नॉरअॅड सेंट्रल लाइनमधून, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीतून, बरं. ती टाकेपर्यंत हाताच्या मोठ्या शिरेतून सुरू केलं असेल तर ती जागा सतत उघडी ठेवून बघा. त्वचा पांढरी पडली, दुखलं, सुजली तर तिथलं औषध थांबवा, कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) लगेच उपसू नका, डॉक्टरांना बोलवा आणि दुसरी लाइन तयार ठेवा.

थेंब मोजायची वेळ आली तर

सिटी स्कॅनला न्यायचंय, पंपाची बॅटरी गेली, मामा (वॉर्डबॉय) ट्रॉली घेऊन लिफ्टपाशी उभे. अशा वेळी मायक्रोड्रिप सेट, म्हणजे बारीक थेंब पाडणारी सलाईनची नळी. त्याचे ६० थेंब म्हणजे १ एमएल, त्यामुळे एमएल पर अवर आणि थेंब पर मिनिट हे आकडे एकच. डोपामिन ४०० मिलिग्रॅम ५०० एमएलच्या बाटलीत, म्हणजे एमएलला ८०० मायक्रोग्रॅम. साठ किलोला ५ च्या डोससाठी २२.५ एमएल, म्हणजे मिनिटाला २२-२३ थेंब. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ एमएल, त्यात हेच साडेसात थेंब होतील, आणि अर्धा थेंब कोणी मोजलाय? पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. नॉरअॅड मात्र थेंबांवर सोडू नका. बॅटरी चार्ज असलेला पंप शेजारच्या वॉर्डातून मागून आणा.

बीपी कुठपर्यंत

ऑर्डरमध्ये डोसइतकंच टार्गेट महत्त्वाचं. नसेल लिहिलेलं तर मागून घ्या. सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गामुळे बीपी कोसळतं तेव्हा) साधारणपणे मॅप, म्हणजे सरासरी बीपी, ६५ धरतात. मॅप म्हणजे सिस्टॉलिक अधिक दोनदा डायस्टॉलिक (खालचं बीपी), भागिले तीन. उलट बीपी खाली आणायचं असेल तेव्हा घाई नडते. २२०/१३० चा मॅप १६०. पहिल्या तासात साधारण २५ टक्क्यांहून जास्त उतरवायचा नाही, म्हणजे १२० च्या खाली नको. स्ट्रोक किंवा महाधमनी फाटलेली असेल तर हे गणित बदलतं, तिथे डॉक्टर वेगळं टार्गेट देतील.

हँडओव्हरला मराठी आकडे नकोत

हे मी मराठीत लिहितेय खरं, पण वेग सांगताना सव्वा, दीड, अडीच बोलू नका. आजीच्या पिढीला पावकी-निमकी तोंडपाठ होती, आपल्याला नाही. व्हेंटिलेटरच्या आवाजात "दीड"चं "अडीच" ऐकू येतं, आणि शेजारची केरळची सिस्टर वीस वर्षं मुंबईत राहून "सव्वादोन"ला क्षणभर अडखळते. "टू पॉइंट टू फाइव्ह" म्हणा, समोरचीकडून परत म्हणवून घ्या, आणि दोघींनी मिळून पंपाकडे बघा. सांगायचा क्रमही ठरलेला असू द्या : औषध, सिरिंजमध्ये किती मिलिग्रॅम किती एमएलमध्ये, वजन, डोस, आणि सगळ्यात शेवटी एमएल.

घरी जाताना लोकलमध्ये सोडवा

एक : ४८ किलो, नॉरअॅड ०.१५ मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट, सिरिंज ८ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये.
दोन : ७२ किलो, एनटीजी २० मायक्रोग्रॅम पर मिनिट, सिरिंज २५ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये.
तीन : ५५ किलो, डोपामिन २०० मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये, पंपावर ८.२५ दिसतंय. डोस किती चालू आहे?

उत्तरं : २.७ एमएल पर अवर, २.४ एमएल पर अवर. १० मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट. दुसऱ्यात ७२ कुठेही वापरला असेल, तर एनटीजीचा परिच्छेद पुन्हा वाचा.